दार उघडंच

पडद्याच्या मधोमध एक उभी रेघ.
डावीकडे पोंबुर्फ्याचं खाजन, जसं होतं तसं,
मार्चातलं, सकाळी पावणेआठचं.
उजवीकडे तेच खाजन,
पर्वरीच्या केंकऱ्यांना हवं तसं.
दोन्ही चौकटी मी एकमेकींना बांधून ठेवते.
डावीत बांधाच्या टोकापर्यंत गेलं
की उजवीही येते मागोमाग,
कुठं चाललोय ते न सांगितलेल्या धाकट्या बहिणीसारखी.

केंकऱ्यांनी लाल गोल करून पाठवले होते:
विजेच्या तारा, ट्रान्सफॉर्मर, दोन कुत्री,
कुंपणाला अडकलेलं निळं प्लास्टिक,
आणि बांधावर ओणवा झालेला तो माणूस.
'बगळा राहू द्या,' आवाजी निरोपात म्हणाले,
'आणखी एक मिळाला तर बघा.'

मिळाला.
त्याच बगळ्याला उलट तोंडाचा केला,
थोडा लहान केला, दूर नेऊन ठेवला.
आता ते दोघं एकमेकांकडे बघत असतात, आठ बंगल्यांच्या जाहिरातीत.

माणसाला चार मिनिटं लागली.
शेजारचं गवत उचललं, पाठीवर टाकलं.
पाण्याची चकाकी पोटऱ्यांवर.
हाताची बोटं सगळ्यात शेवटी,
कारण ती एका फळीला धरून होती
आणि फळी ठेवायची होती.

शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी,
इनास फुर्तादो फोटो काढायला आला.
पेन्शनचा फॉर्म, आठ प्रती.
शर्टाचं वरचं बटण लावलेलं, गळ्याला काचणारं.
दोन्ही कान दिसायला हवेत म्हणून मी त्याची मान जराशी वळवली.
प्रिंटर आमचा म्हाताऱ्याहून म्हातारा.
तो थांबला, आणि थांबलेला माणूस पडद्याकडे बघणारच.

'हो हांव,'
डाव्या चौकटीवर बोट ठेवून म्हणाला.
मग बोट रेघ ओलांडून गेलं.

मी मनात वाक्यं जुळवू लागले,
की बाब, गिऱ्हाईक सांगतं ते करावं लागतं,
की तुमच्यावर राग नव्हता, तारांवरही नव्हता.
पण तो स्वतःला शोधतच नव्हता.
नाक काचेला टेकेल इतका वाकला, अगदी
फोटोत वाकला होता तसा.

'बाये, दार उगडेंच उरलां मगो.'

कसलं दार?

'मानशीचें. भरती येतली,
उदक शेतांत सरतलें.
कोण धांपतलो आतां?'

तेव्हा कुठं मला दिसलं.
खाली तीन फळ्या बसलेल्या, चौथी हवेत,
तिरकी, कुणीच न धरलेली,
आणि तिच्याखालून हातभर काळी फट.
दोन आठवडे ती फट तशीच होती.
केंकऱ्यांना दिसली नाही, छापणाऱ्याला नाही,
हजार प्रती वाटून झाल्या.
मी तर तीनशे टक्के मोठं करून
गवताची पाती न् पाती जुळवली होती तिथं.

त्याने आठ फोटो मोजून घेतले.
कडा जरा वाकड्या कापल्यात म्हणाला,
त्या मी पुन्हा कापून दिल्या.
पैसे रुमालातून काढले. बस गाठायची होती.

रात्री दुकान बंद करून पुन्हा बसले.
उजवीकडचं पाणी हललं नव्हतं. हलणार कसं?
तरी मी चौथी फळी सरळ केली, खाली बसवली.
पाचवी तिसरीवरून उतरवून घेतली,
ओल्या लाकडाचा रंग थोडा गडद ठेवला.
मग फटींना लिंपायला चिखल हवा होता.
तो उजवीकडे नव्हताच, तिकडं सगळं स्वच्छ.
रेघेपलीकडून आणला, डावीकडून,
त्याच्या पायाजवळचा.
लावताना लक्षात आलं,
त्यात चार बोटांचे वळ आहेत.
ते पुसले नाहीत.

कुणाला पाठवायची नव्हती ती फाइल.
जतन करताना नाव विचारलं, तर लिहिलं:
शेवटची, खरंच शेवटची, दार लावलेली.